हंपी आणि गोकर्णच्या हॉस्टेलांविषयी इतके परस्परविरोधी अभिप्राय का?

सायबर_चौक यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी आणि तिची एक मैत्रीण यंदा पदवीधर झाल्या असून दिवाळीनंतर दोघींनीच हंपी आणि तेथून गोकर्ण असा प्रवास करण्याचे त्यांनी ठरवले आहे. आमच्या घरी आजवर प्रवासात नातेवाइकांकडे उतरायचे, नाहीतर देवस्थानाच्या भक्तनिवासात खोली मिळवायची आणि दोन्ही जमले नाही तर बसस्थानकाजवळचे एखादे लॉज पाहायचे, एवढीच पद्धत होती. मुलींनी मात्र दोन्ही गावी हॉस्टेलमधील बेड निवडले आहेत. म्हणजे सहा किंवा आठ जणींच्या खोलीत वरखाली असलेल्या बंकवर एक जागा, कुलूप लावता येईल असा एक लॉकर आणि सामाईक स्नानगृह. कारण उघड आहे : दोघींनी शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतच त्यांना हा प्रवास करायचा आहे आणि बेडचे भाडे हॉटेलच्या खोलीपेक्षा पुष्कळ कमी दिसते.

माझी अडचण हॉस्टेल या कल्पनेची नाही, त्यांविषयी लिहिलेल्या अभिप्रायांची आहे. एकाच हॉस्टेलबद्दल, एकाच महिन्यात, एकाने ‘घरापेक्षा शांत झोप लागली’ असे लिहिले आहे आणि दुसऱ्याने ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ असे. एकीला तेथील व्यवस्थापक भावासारखा वाटला, तर दुसरीला त्याने अनामत रक्कम परत देण्यासाठी बराच वेळ ताटकळत ठेवले. ढेकणांची तक्रार अधूनमधून येतेच आणि तिच्याखाली ‘आमच्याकडे असे काही नाही’ हा खुलासाही असतो. माझे आयुष्य हिशेब तपासण्यात गेल्यामुळे दोन नोंदी जुळत नसतील तर त्यांतली एक खोटी असणार असे धरून चालण्याची मला सवय आहे, पण येथे दोन्ही खऱ्या वाटतात आणि त्यामुळेच काही ठरवता येत नाही.

शिवाय मार्च २०२५ मध्ये हंपीजवळ सणापूर येथे कालव्याकाठी रात्री बसलेल्या पर्यटकांवर झालेला भीषण हल्ला आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. मुलींनी पाहिलेले एक हॉस्टेल त्याच बाजूला आहे.

तेव्हा ज्यांनी अशा ठिकाणी प्रत्यक्ष मुक्काम केला आहे त्यांना विचारतो, की हे अभिप्राय वाचायचे कसे, कोणती तक्रार मनावर घ्यायची आणि कोणती सोडून द्यायची, आणि कोल्हापुरात बसून आधी काय तपासता येईल? ‘मुलींना पाठवू नका’ हा सल्ला कृपया देऊ नये. तो घरात भरपूर उपलब्ध आहे.

भटकी_शाहूपुरी यांचा प्रतिसाद

सर, दोन्ही नोंदी आपल्याला खऱ्या वाटतात, कारण त्या खऱ्याच आहेत. हॉटेलमध्ये आपण खोली घेतो आणि दार लावले की आत काय चालायचे ते आपल्या हातात राहते. हॉस्टेलमध्ये आपण फक्त बेड घेतो. उरलेले बेड त्या रात्री कोणाला जातील, पहाटे चारच्या बसने निघणारी मुलगी आदल्या रात्रीच सामान आवरून ठेवील की भर अंधारात दिवा लावून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा आवाज करत बसेल, यावर आपली झोप ठरते. म्हणून झोपेविषयीचा अभिप्राय हा बहुतेक वेळा हॉस्टेलचा नसून त्या रात्रीच्या सोबतिणींचा असतो.

दुसरे कारण बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. पुष्कळ हॉस्टेलांत काउंटरवर बसलेली व्यक्ती पगारी नोकर नसते, तर काही आठवडे काम करायचे आणि त्या बदल्यात राहणे-जेवण फुकट, अशा बोलीवर थांबलेला एखादा प्रवासीच असतो. त्यांना तेथे व्हॉलंटियर म्हणतात. त्यांतले काही अतिशय जीव लावून काम करतात आणि काहींचे लक्ष संध्याकाळच्या गिटारीकडेच अधिक असते; शिवाय महिन्या-दीड महिन्याने ते पुढच्या गावी निघून जातात. ज्या भावासारख्या माणसाचे कौतुक आपण वाचले, तो मुली पोहोचतील तेव्हा हिमाचलात असण्याची शक्यता बरीच आहे. यासाठी अभिप्राय नेहमी ‘नवे आधी’ अशा क्रमाने लावून वाचावेत, आणि ताऱ्यांच्या सरासरीकडे तर पाहूच नये, कारण निघताना काउंटरवर ‘पाच तारे द्या ना’ अशी गोड विनंती जवळपास सगळीकडेच होते.

तक्रारींचे मी स्वतःपुरते दोन भाग करते. गोंगाट, घोरणे, गाणी, पंख्याचा आवाज, नाश्त्याला तेच ते पोहे या तक्रारी लिहिणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून असतात आणि त्यांतल्या काही तर दुसऱ्या कोणाला गुण वाटतात. दाराची कडी नीट बसत नाही, मुलींच्या डॉर्ममध्ये, म्हणजे अनेक बेडांच्या सामाईक खोलीत, पुरुष कर्मचारी दार न वाजवता आला, रात्री फोन उचलला गेला नाही, कोणी त्रास दिल्याचे सांगितल्यावर ‘तुम्हीच बेड बदला’ असे उत्तर मिळाले, या तक्रारी कारभाराच्या आहेत. पहिल्या प्रकारच्या ढीगभर असल्या तरी मी जाते, पण दुसऱ्या प्रकारची ताजी तक्रार एकच असली तरी ते नाव सोडून देते. बाईने लिहिलेला आणि बेताची स्तुती केलेला अभिप्राय मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

सर्वांत उपयोगी चौकशी मात्र फोनवरची असते. दिवसा नव्हे, रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास हॉस्टेलला फोन करावा. फोन कोण उचलतो, तो माणूस रात्री त्याच इमारतीत झोपतो का, गावचा आहे का आणि किती दिवसांपासून तेथे आहे, हे विचारावे. माझ्या मते हॉस्टेलचे बरेवाईट इमारतीवरून ठरत नाही, रात्री जागेवर कोण असते त्यावरून ठरते. गोकर्णला डोंगरउतारावरच्या एका अगदी साध्या, पत्र्याच्या छपराच्या हॉस्टेलमध्ये मी निर्धास्त राहिले, कारण मालकीणबाई स्वतः तळमजल्यावर राहत होत्या आणि कोण अजून परतले नाही याचा त्यांना पत्ता असे. याउलट गोव्यातील एका फार देखण्या हॉस्टेलमध्ये शेजारच्या बंकवरची मुलगी तापाने फणफणली, तेव्हा मध्यरात्रीनंतर काउंटरवर फक्त एक फलक होता आणि त्यावरचा नंबर बंद होता. त्या हॉस्टेलचे फोटो आजही पाहावेत असे आहेत.

आता हंपीविषयी. कोल्हापूरहून हरिप्रिया एक्सप्रेसने मुली थेट हंपीजवळच्या होसपेट स्थानकावर उतरू शकतील, पण ही गाडी तेथे रात्री पोहोचते आणि नदीपलीकडच्या सणापूर-आनेगुंदी भागात जाण्यासाठी त्यानंतर रिक्षाने मोठा वळसा घालावा लागतो. हंपीच्या बाजूने नदी ओलांडणारी बोट संध्याकाळीच बंद होते. त्यामुळे पहिली रात्र होसपेट स्थानकाजवळच्या साध्या लॉजमध्ये काढून सकाळी पुढे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. जुन्या लेखांत ‘नदीपलीकडचे बेट’ म्हणून ज्या जागेचे वर्णन येते ती विरुपापूर गड्डी. तेथील निवासस्थाने सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये पाडण्यात आली, म्हणून त्याआधीचे कोणतेही अभिप्राय आता निरुपयोगी आहेत.

सणापूरचा प्रसंग हॉस्टेलच्या आत घडला नव्हता, तर रात्री उघड्यावर घडला होता, आणि त्यात पर्यटकांचा काही दोष नव्हता. पण त्या भागातील रस्ते रात्री निर्मनुष्य असतात हे खरे आहे. हॉस्टेलकडून ‘रात्री तारे पाहायला नेतो’ असा कार्यक्रम सुचवला गेला तर कोठे, किती जण आणि बरोबर कोण, हे विचारल्याशिवाय मुलींनी हो म्हणू नये.

दसरा_चौक यांचा प्रतिसाद

वरील ताईंचा अनुभव मोठा आहे आणि रात्रीच्या माणसाविषयीचे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. माझे शिक्षण दसरा चौकातील एका बोर्डिंगमध्ये राहून झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक समाजासाठी या शहरात वसतिगृह उभे राहिले. खेड्यातून आलेली, एकमेकांची ओळखपाळख नसलेली मुले एका खोलीत गुण्यागोविंदाने राहू शकली, याचे एक कारण तेथे अधीक्षक सहकुटुंब राहत असत, हे होते. आमच्या अधीक्षकांच्या पत्नीला कोणाच्या ताटात किती भाकरी पडल्या इथपर्यंत माहिती असे. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाच्या शिक्षकाने आल्टेनाच्या किल्ल्यात १९१२ साली जगातले पहिले कायमचे युवा वसतिगृह सुरू केले, तेथेही मुलांची काळजी वाहणारा गृहपाल हा व्यवस्थेचाच भाग होता. सामाईक खोली आणि जबाबदार माणूस या दोन गोष्टी बरोबरच जन्माला आल्या. आजच्या हॉस्टेलांनी पहिली ठेवली आणि पुष्कळ ठिकाणी दुसरीवर काटकसर केली, असे माझे मत आहे.

परंतु मला मुळातच एक शंका आहे, आणि ती हिशेबाची असल्यामुळे सायबर चौकांना आवडेल. मुली दोन आहेत. एका बेडचे भाडे खोलीपेक्षा कमी असते हे मान्य, पण दोन बेडांची बेरीज केली, त्यात कुलूप, पंचा किंवा नाश्ता यांचे वेगळे पैसे धरले, तर हंगामात ती साध्या दोन जणांच्या खोलीच्या जवळ जाऊन पोहोचते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, त्यामुळे तो भागही पूर्वीइतका जड राहिलेला नाही. धर्मादाय न्यासाच्या देवस्थान परिसरातील हजार रुपयांच्या आतील खोलीला तर हा करच नाही. गोकर्ण हे मुळात महाबळेश्वराचे क्षेत्र आहे आणि तेथे यात्रेकरूंसाठी गावातच साध्या खोल्या मिळतात. एकट्या प्रवाशाला हॉस्टेल स्वस्त पडते, दोघांना ते तेवढे स्वस्त पडत नाही आणि चौघांना तर बहुधा महागच पडते. हे गणित करून मग काय ते ठरवावे.

रंकाळा_पहाट यांचा प्रतिसाद

दसरा चौक काका, गणित बरोबर आहे, पण ते फक्त भाड्याचे आहे. मी हंपीला डॉर्ममध्ये राहिलो होतो आणि तेथे पहिल्याच सकाळी भेटलेल्या तिघांबरोबर रिक्षा वाटून घेतली, सायकली भाड्याने घेतल्या, विठ्ठल मंदिराकडे कोणत्या वेळी ऊन कमी असते ते आदल्या दिवशी जाऊन आलेल्यांकडून कळले. लॉजच्या खोलीत हे घडत नाही, तेथे आपण आणि आपला दूरदर्शन संच. बावीस वर्षांच्या मुलींना केवळ रात्र काढायची नसते, नवी माणसे भेटावीत म्हणूनही त्या बाहेर पडतात.

तरीही माझे अनुभव सगळे गोड आहेत असे नाही. एका हॉस्टेलमध्ये माझ्या मित्राचे पाकीट उशीखालून गेले. लॉकर होता, पण त्याला लागणारे कुलूप आम्ही नेले नव्हते आणि काउंटरवर मिळाले नाही. तक्रार केल्यावर ‘मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही’ या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवण्यात आले. दुसऱ्या एका ठिकाणी डॉर्मचे वर्णन ‘वातानुकूलित’ असे होते, पण यंत्र रात्री दहा ते सकाळी सहा एवढेच चालणार हे पैसे भरल्यावर कळले. अशा ठिकाणी नियम खोटा नसतो, तो शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत लिहिलेला असतो एवढेच. म्हणून सामानाची जबाबदारी, रद्द केल्यास मिळणारी रक्कम, वीज आणि गरम पाण्याच्या वेळा हे चार मुद्दे बुकिंगच्या आधी वाचावेत.

मुलाखतीसाठी मुंबईला गेलो असताना मुंबई सेंट्रल स्थानकातील पॉड हॉटेलात मी एक रात्र राहिलो. रेल्वेच्या आवारातील हे पहिले पॉड हॉटेल नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाले. प्रत्येकाला आपली स्वतंत्र कोठडी, आत दिवा, पंखा, चार्जिंग; डॉर्मपेक्षा एकांत जास्त आणि बोलायला मात्र कोणी नाही. ज्यांना फक्त झोपायचे आहे त्यांनी असे काही शोधावे. मुलींच्या प्रवासासाठी मी डॉर्मच सुचवीन, मात्र तो ‘फक्त महिलांसाठी’ असलेला असावा.

जाता जाता एक सूचना, जी आपल्याकडच्या माणसाला आधी दिलेली बरी : हंपी गावात देवळाच्या परिसरात मांसाहार मिळत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आशेने जाणाऱ्याने हॉस्टेलला एक तारा देऊ नये, त्यात त्यांचा काही दोष नाही.

स्टेशन_रोडचा_लॉजवाला यांचा प्रतिसाद

मी आपल्या रेल्वे स्टेशनच्या परिसरात वडिलांपासून चालत आलेले छोटे लॉज चालवतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण येथे जाहिरात करायची नाही. आमच्याकडे वर एक मोठा हॉल आहे, त्यात नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत यात्रेकरूंना बेडप्रमाणे जागा देतो. त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने दोन गोष्टी सांगू शकतो.

ढेकणांपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्याविषयी गैरसमज फार आहेत. ढेकूण उडत नाही आणि उडीही मारत नाही. तो पाहुण्याच्या बॅगेतून येतो आणि पाहुण्याच्याच बॅगेतून पुढच्या गावी जातो. जेथे रोज आठ माणसे बदलतात तेथे तो कधीतरी येणारच, मग जागा कितीही स्वच्छ असो. खाण्यावाचून तो महिनोन्महिने जगू शकतो, त्यामुळे खोली चार दिवस बंद ठेवून काहीच साधत नाही. ‘आमच्याकडे ढेकूण कधीच नव्हते’ असा खुलासा करणाऱ्या मालकापेक्षा ‘तो डॉर्म बंद करून औषधफवारणी केली, गाद्या बदलल्या’ असे लिहिणाऱ्या मालकावर मी अधिक विश्वास ठेवतो. औषधाचा एकच हात मारून भागत नाही, अंडी फुटल्यावर पुन्हा फवारावे लागते, आणि तेवढे दिवस आठ बेडांचे भाडे बुडते. नेमके तेवढ्यासाठीच काही जण ती खोली चालू ठेवतात.

मुलींनी पोहोचल्यावर बॅग बेडवर टाकू नये. ती बाहेरच ठेवून आधी मोबाइलच्या उजेडात गादीची शिवण, विशेषतः कोपऱ्यातली, आणि बंकच्या सांध्यांतील स्क्रूची भोके पाहावीत. शाईचे बारीक ठिपके दिसावेत तसे काळे डाग दिसले तर ती ढेकणांची विष्ठा असते. लाकडी बंकपेक्षा लोखंडी बंक बरा, त्यात लपायला जागा कमी. घरी आल्यावर कपडे कडक गरम पाण्यात धुवावेत. ढेकणाच्या चावण्याने रोग पसरत असल्याचे आढळलेले नाही, खाज मात्र भरपूर सुटते.

चादरीचे पाहायचे असेल तर घडीच्या खुणा पाहाव्यात. धुऊन, इस्त्री करून आलेल्या चादरीवर घड्यांच्या सरळ रेषा उमटलेल्या असतात. आदल्या पाहुण्याचीच चादर झटकून पुन्हा अंथरली असेल तर त्या रेषा मोडलेल्या दिसतात. उशीचा अभ्रा हुंगून पाहिला तरी कळते. आमच्या धंद्यात सर्वांत मोठा चालू खर्च धुलाईचा आणि विजेचा असतो, वीज व्यापारी दराने घ्यावी लागते, आणि बुकिंगची संकेतस्थळे भाड्यातून मोठे कमिशन कापून घेतात. भाडे फारच कमी दिसले तर मालकाने कोठेतरी हात आखडता घेतलेला असतो. तो बहुधा चादरीवर, नाहीतर रात्रपाळीच्या माणसावर.

रात्रपाळीच्या माणसाविषयी ताईंनी लिहिले ते आमच्या धंद्याचे मर्म आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. आमच्याकडे अडकलेल्या पाहुण्यांमध्ये डायलिसिससाठी वेळेवर पोहोचणे भाग असलेले एक गृहस्थ होते. त्या रात्री काउंटरवर आमचा जुना माणूस होता. कोणत्या बाजूने वाट अजून चालू आहे, कोणाची जीप मिळेल, शहरात कोणत्या रुग्णालयात सोय आहे, हे त्याला ठाऊक होते म्हणून काम निभावले. तेथे नुकताच आलेला मुलगा असता, तर तो कितीही सुशील असला तरी त्याला काय करता आले असते?

आणखी एक खूण सांगतो. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवणे निवासाच्या चालकावर बंधनकारक असते. अभिप्राय लिहिणाऱ्यांत परदेशी नावे नियमितपणे दिसत असतील तर त्या हॉस्टेलची नोंद आणि पोलिसांशी व्यवहार बहुधा व्यवस्थित असतो. त्यामुळे जागा चांगलीच असेल अशी खात्री मिळत नाही, पण ती लपूनछपून चालवलेली नाही एवढे समजते. पोहोचल्यावर ओळखपत्रही न मागता बेड दिला जात असेल तर मात्र सावध व्हावे. तुम्हाला विचारले नाही म्हणजे शेजारच्या बेडवरच्यालाही विचारलेले नाही.

शेवटी, झोपण्यापूर्वी बाहेर पडण्याची दुसरी वाट पाहून ठेवावी. जुन्या घरांची हॉस्टेले केली जातात तेव्हा खिडक्यांना घट्ट जाळ्या आणि एकच अरुंद जिना, असे फार ठिकाणी असते. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर त्याची किल्ली कोठे असते ते विचारायला लाजू नये.

सायबर_चौक यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. लॉजवाले साहेबांची चादरीवरच्या घड्यांची खूण वाचून सौभाग्यवतींनी प्रथमच या प्रवासाविषयी अनुकूल मत व्यक्त केले. काल रात्री पावणेअकराला मी मुलींनी हंपीसाठी पाहून ठेवलेल्या तिन्ही हॉस्टेलांना फोन केले. एकाने उचललाच नाही. दुसऱ्याने उचलला, पण पाठीमागे एवढे संगीत चालू होते की संभाषण होऊ शकले नाही. ते नाव मुलींनीच खोडले. तिसऱ्या ठिकाणी आनेगुंदीच्या बाजूला राहणाऱ्या, तेथल्याच एका बाईंनी फोन घेतला आणि त्यांनीच उलट ‘गाडी किती वाजता येते, एवढ्या रात्री इकडे येऊ नका’ असे बजावले. ते हॉस्टेल नक्की केले आहे. दसरा चौक यांचे गणितही मांडून पाहिले. हंपीत दोन बेड स्वस्त पडतात. गोकर्णला त्या आठवड्यात फरक इतका किरकोळ आहे की तेथे गावात खोली घ्यायला मुलीही तयार झाल्या आहेत.

दोन गोष्टी राहिल्या. पहिली, आधार कार्डाची प्रत द्यावी की नाही? दुसरी, पहिल्या मुक्कामाला मी सोबत जावे आणि त्याच हॉस्टेलमध्ये एक बेड घ्यावा, असा माझा विचार आहे. तसे करता येते का?

भटकी_शाहूपुरी यांचा प्रतिसाद

सर, आधारच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घेता येते, त्यात क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक दिसतात. त्याची प्रत द्यावी आणि मूळ कार्ड काउंटरवर ठेवून घेऊ देऊ नये. काही ठिकाणी तेवढ्यावर भागत नाही, त्यासाठी वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र बरोबर असू द्यावे. पुष्कळ हॉस्टेले त्याच शहराचा पत्ता असलेल्या पाहुण्यांना घेत नाहीत, पण कोल्हापूरच्या पत्त्याला हंपीत अडचण येणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. महिलांच्या डॉर्ममध्ये आपल्याला अर्थातच प्रवेश नाही, आणि मिश्र डॉर्मसाठी अनेक हॉस्टेलांत वयाची वरची मर्यादा असते. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडली की बेड नाकारला जातो. आपण फार तर होसपेटपर्यंत जाऊन स्थानकाजवळच्या लॉजमधून सकाळी त्यांना निरोप देऊ शकाल. त्यापेक्षा त्या आनेगुंदीच्या बाईंचा नंबर आपल्याकडे ठेवावा आणि मुलींनी दररोज संध्याकाळी परतल्यावर एक निरोप धाडावा, इतके ठरवून घ्यावे.

कुलूप मात्र येथूनच न्यावे. लॉकरच्या कड्या बारीक असतात, जाड दांड्याचे कुलूप त्यांत शिरत नाही. अंकांचे, बारीक दांड्याचे कुलूप घ्यावे, म्हणजे किल्ली हरवण्याचाही प्रश्न येणार नाही. गोकर्णला गावात खोली घेतली तर कुडले किनाऱ्यावरून परतताना टेकडीवरची वाट अंधारी असते, म्हणून सूर्यास्त पाहून झाल्यावर रेंगाळू नये आणि एक चांगली विजेरी जवळ ठेवावी.